विसाव्याचा भाव

साताऱ्याहून पुणे सुमारे ११० किलोमीटर, सांगलीहून त्याच्या जवळजवळ दुप्पट. खंबाटकीत गाडी अडकेल या धास्तीने आपली मंडळी इतक्या लवकर निघतात, की विमानतळावर चार-चार तास हाताशी उरतात. मग पैसे मोजून लाउंजमध्ये बसावे काय? तरुणांनी बसू नये. घरच्या दशम्यांचा डबा तपासणीतून सुखरूप जातो, आणि बाहेरची खुर्ची काही टोचत नाही! परंतु मुलाकडे अमेरिकेस निघालेल्या आई-वडिलांचे मुंबईहून मध्यरात्रीचे विमान असेल, तर त्यांच्या गुडघ्यांसाठी हा खर्च अवश्य करावा. मात्र ‘किती वेळ बसू द्याल?’ हे दारातच विचारावे. पुष्कळ ठिकाणी दोन-तीन तासांचीच मुदत असते. बँकेच्या कार्डावर ‘फुकट’ बसणाऱ्यांनी त्या कार्डाची वार्षिक फी एकदा डोळ्यांखालून घालावी, म्हणजे तिथल्या इडलीचा भाव कळेल.