प्रिंटर बिघडलेला नाही, घरात दोन नेटवर्क झाले आहेत

नागपूर-हैदराबाद महामार्गावरून चंद्रपूरचा रस्ता जामला फुटतो. अशा चौकाच्या गावांत खाली दुकान आणि वर घर ही जुनीच रीत आहे. नोंदणीकृत व्यापाऱ्याला मालाचे जीएसटी बिल तीन प्रतींत करावे लागते: एक ग्राहकाची, एक वाहतूकदाराची, एक आपली. गाडी भरून उभी असते, ड्रायव्हर घाई करतो आणि नेमका त्याच वेळी मोबाइल सांगतो, ‘प्रिंटर सापडत नाही’. मग प्रिंटरला दोष देऊन नव्या प्रिंटरची चौकशी सुरू होते. आमचे म्हणणे असे की, पैसे काढण्याआधी बांधवांनी घरातील नेटवर्क मोजावेत.

वरच्या मजल्यावर वाय-फाय पोहोचत नाही म्हणून आपण दुसरा राउटर आणतो. पहिल्याची वायर त्याच्या ‘वॅन’ छिद्रात लावली की तो आपले वेगळे नेटवर्क उभे करतो. इंटरनेट दोन्हीकडे चालते, म्हणून शंका येत नाही. पण प्रिंटर ‘मी येथे आहे’ अशी जी हाक देतो, ती आपल्याच नेटवर्कपुरती असते. राउटर ती पलीकडे जाऊ देत नाही. दुकानात दिलेली हाक माडीवर ऐकू येत नाही, इतकाच हा प्रकार.

तपासणी सोपी आहे. प्रिंटरच्या माहितीपत्रकावर त्याचा पत्ता छापून येतो. तो १९२.१६८.१.२५ असेल आणि मोबाइलचा १९२.१६८.०.१२, तर तिसरा आकडा वेगळा आहे. घरगुती जोडणीत याचा अर्थ बहुधा दोन नेटवर्क असाच होतो. पत्ते जुळूनही प्रिंटर दिसत नसेल, तर मोबाइल ‘गेस्ट’ वाय-फायवर आहे काय, किंवा राउटरमध्ये ‘आयसोलेशन’ चालू आहे काय, ते पाहावे.

उपाय असा: दुसरा राउटर ‘ॲक्सेस पॉइंट’ पद्धतीवर टाकावा. ती सोय नसेल तर त्याला पहिल्याच्या नेटवर्कमधील एक रिकामा पत्ता द्यावा, त्याचे डीएचसीपी बंद करावे आणि वायर ‘लॅन’ छिद्रात लावावी. पहिल्या राउटरमध्ये प्रिंटरचा पत्ता कायम राखून ठेवावा. मग शोध फसला तरी पत्ता टाकून प्रिंटर जोडता येतो.

खरी उणीव यंत्रात नाही, आपल्या सवयीत आहे. बसवणारा येतो, पैसे घेतो, जातो. पासवर्ड आणि पत्ते त्याच्याच डोक्यात राहतात. उधारीची वही आपण परक्याच्या हाती ठेवत नाही, मग नेटवर्कची किल्ली का ठेवावी? काम झाल्यावर सर्व आकडे कागदावर लिहून घ्यावेत आणि तो कागद गल्ल्यात ठेवावा. मजुरी त्यानंतरच द्यावी.