उंच प्रवाशाचा संकोच

संस्कृतांत 'संकोच' ह्या शब्दाचा मूळ अर्थ आकसणें, अंग आखडून घेणें असा आहे. मराठींत आपण तो बहुधा भीड ह्या अर्थानें वापरतों. तीसांहून अधिक वर्षें हा शब्द वर्गांत शिकवूनहि ह्या दोन अर्थांतील नातें आम्हांस कधीं फारसें जाणवलें नव्हतें. तें जाणवण्यासाठीं आम्हांस विमानांत सोळा तास बसावें लागलें आणि पुढें तीन महिने औषध घ्यावें लागलें. मुलांकडे परदेशीं जाणारी वडील मंडळी आमच्या वाचकवर्गांत थोडकीं नाहींत. म्हणून ह्या महिन्यांत त्या अनुभवाविषयीं चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

आमची उंची सहा फूट तीन इंच. वर्गांतील मुलें पाठीमागें आम्हांस 'खांब मास्तर' म्हणत, हें आम्हांस ठाऊक होतें. जुन्या घराची गणेशपट्टी, एस. टी. चीं बाकें, पंगतीचे पाट, सर्वांपुढें वांकण्याची व अंग चोरून बसण्याची संवय लहानपणापासूनच जडलेली. जग आपल्या मापाचें नाहीं, तेव्हां आपणच त्याच्या मापाचें व्हावें, असें उंच माणूस मनाशीं धरून चालतो, आणि ह्यासच तो सौजन्य समजतो.

दोन वर्षांपूर्वीं नातवाच्या मुंजीसाठीं आम्ही उभयतां मुंबईहून न्यू जर्सीस निघालों. बाबांना ढग पाहतां येतील म्हणून कन्येनें आमच्यासाठीं हौसेनें खिडकीजवळची जागा धरली होती. आमच्या शेजारीं सौभाग्यवती, तिच्या पलीकडे एक वृद्ध गृहस्थ. दोघेंहि थोड्याच वेळांत झोपीं गेलीं. त्यांस उठवावें कसें, ह्या विचारानें आम्हीं सबंध प्रवासांत एकदांच जागा सोडली. फार काय, पुन्हां उठावें लागूं नये म्हणून पाणीहि घोट घोटच घेतलें. गुडघे पुढच्या आसनास टेकलेले, पाऊल हलवावयास जागा नाहीं, अशा स्थितींत आपण कोणास त्रास दिला नाहीं ह्याचें समाधान मानीत आम्ही उतरलों.

तिसऱ्या दिवशीं डावी पोटरी सुजली. प्रवासाची सूज, उतरेल, असें म्हणून आम्हीं ती धोतराखालीं झांकली. सौभाग्यवतीच्या दृष्टीस पडतांच तिनें तिळाचें तेल कोमट करून आणलें. चोळण्यास आरंभ होणार इतक्यांत कन्या आली. सूज एकाच पायास आहे व तो पाय उष्ण लागतो, हें पाहून तिनें तेलाची वाटी बाजूस ठेवली आणि आम्हांस थेट रुग्णालयांत नेलें. तेथें सोनोग्राफींत पायाच्या खोल शिरेंत रक्ताची गुठळी आढळली. पाय चोळला असतां तर गुठळीचा तुकडा सुटून फुप्फुसांत जाण्याचा संभव होता, असें डॉक्टरांनीं सांगितलें. नातवाच्या भिक्षावळीच्या वेळीं आम्ही खुर्चीवर बसून होतों. परंतु होतों, हेंच पुष्कळ.

दीर्घकाळ एका जागीं बसल्यानें गुठळी होते, ही गोष्ट विमानांमुळें प्रथम कळली असें नव्हे. १९४० सालीं लंडनवर बॉम्बवर्षाव होत असतां लोक रात्रीच्या रात्री आश्रयस्थानांत खुर्च्यांवर बसून काढीत. त्यांपैकीं कांहींजण फुप्फुसांत गुठळी जाऊन अकस्मात् मरण पावले. डॉ. कीथ सिम्प्सन ह्यांनीं त्याच वर्षीं 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय पत्रांत ह्याविषयीं लिहिलें. खुर्चीची कड मांडीखालीं रुतते, पोटरीचे स्नायू निश्चल राहतात, व पायांतील रक्त वर चढेनासें होतें. चालतांना पोटरी दर पावलास आकुंचित होऊन रक्त वर ढकलीत असते. बसून राहिलें कीं तें काम थांबतें.

जागतिक आरोग्य संघटनेनें २००७ सालीं प्रसिद्ध केलेल्या संशोधनानुसार चार तास किंवा त्याहून अधिक प्रवास बसून केला असतां गुठळीचा धोका सुमारें दुप्पट होतो. मग तें विमान असो, आगगाडी असो, मोटार असो. दुप्पट म्हणजेहि सुमारें सहा हजारांत एक, तेव्हां घाबरून प्रवास सोडण्याचें कारण नाहीं. परंतु त्याच संशोधनांत असें आढळलें कीं १९० सेंटिमीटरांहून उंच आणि १६० सेंटिमीटरांहून ठेंगण्या माणसांस हा धोका इतरांपेक्षां अधिक असतो. आम्ही पहिल्या वर्गांत आणि आमची सौभाग्यवती दुसऱ्या! ठेंगण्या माणसाचे पाय भुईस नीट टेकत नाहींत व आसनाची कड मांडीस रुतते. तेव्हां आमच्या वाचकभगिनींनीं हा लेख केवळ उंचांचा समजून पान उलटूं नये. पायांखालीं लहानशी पिशवी ठेवली तरी त्यांस पुष्कळ आराम पडेल.

आतां जागेचा हिशेब पाहूं. एका आसनाच्या एखाद्या बिंदूपासून पुढच्या आसनाच्या त्याच बिंदूपर्यंतच्या अंतरास विमानवाले 'पिच' म्हणतात. साध्या वर्गांत हें अंतर बहुधा ३० ते ३२ इंच असतें. घरीं ताठ पाठीच्या खुर्चीवर पाठ टेकून बसावें आणि खुर्चीच्या पाठीपासून गुडघ्याच्या वाटीपर्यंत माप घ्यावें. आमचें तें २६ इंच भरलें. पिचमधून पुढच्या आसनाच्या पाठीची जाडी वजा केली कीं आमच्यासारख्यास अंगुळभर जागा उरते, आणि पुढचा प्रवासी रेलला कीं तीहि जाते. अलीकडे आसनांच्या पाठी पातळ करूं लागल्यानें तितक्याच पिचमध्यें गुडघ्यास थोडी अधिक जागा मिळते. म्हणून केवळ आंकड्यावर विसंबूं नये. रुंदीचेंहि तसेंच. बोइंग ७७७ जातीच्या विमानांत कांहीं कंपन्या एका रांगेंत नऊ आसनें ठेवतात, कांहीं दहा. विमान तेंच, परंतु दहांच्या रांगेंत प्रत्येकाच्या वांट्याचा सुमारें एक इंच जातो. तिकीट काढण्यापूर्वीं ही चौकशी करावी.

जागा निवडतांना संकटकालीन दरवाजाजवळची रांग उंच माणसास मोहांत पाडते, कारण तेथें पाय लांबवितां येतात. परंतु तेथें बसणाऱ्यानें प्रसंगीं दार उघडण्यास समर्थ व राजी असावें लागतें. अशक्त माणसास, मुलांस व गर्भवतीस ती जागा देत नाहींत. तेथें उड्डाणाच्या व उतरण्याच्या वेळीं पायांशीं पिशवी ठेवतां येत नाहीं, हातांची टेकणीं बहुधा स्थिर असल्यानें बसण्याची जागा किंचित् अरुंद होते, आणि दाराजवळ थंडीहि वाजते. भिंतीसमोरच्या पहिल्या रांगेंत पुढें रेलणारा कोणी नसतो, परंतु पुढच्या आसनाखालीं पाऊल सरकविण्याची सोयहि नसते. शिवाय तान्ह्या बालकांचे पाळणे तेथेंच टांगतात. संकटकालीन रांगेच्या लगेच पुढील, तशींच अगदीं शेवटचीं, आसनें पुष्कळदां मागें रेलत नाहींत, म्हणून तीं टाळावीं. अधिक पैसे देऊन तीन-चार इंच जास्त जागा मिळत असेल तर उंच माणसानें हा खर्च चैनीच्या खात्यावर न टाकतां औषधाच्या खात्यावर टाकावा. तेंहि शक्य नसेल, तर निदान वाटेजवळची जागा मागून घ्यावी. तेथें जेवणाची ढकलगाडी गुडघ्यास लागण्याचें भय असतें, परंतु कोणास न विचारतां उठतां येतें, आणि हा लाभ सर्वांत मोठा होय.

बसल्यावर पहिली गोष्ट ही करावी कीं आपली पिशवी वरच्या फळीवर टाकावी. पुढच्या आसनाखालील जागा उंच माणसाच्या पावलांची आहे. ती सामानास देऊं नये. आसन आपल्या मानानें ठेंगणें असल्यानें गुडघे वर येतात व मांड्या अधांतरीं राहतात. घडी केलेलें पांघरूण बैठकीवर घातलें कीं मांडीस आधार मिळतो. शालीची गुंडाळी कमरेमागें ठेवावी. डोक्याची उशी बहुतेक विमानांत वर सरकते. ती न सरकविल्यास उंच माणसाच्या खांद्यांत टोंचते व मान रात्रभर लोंबकळते. तास दोन तासांनीं उठून वाटेंत फेरी मारावी, आणि बसल्या बसल्या टांचा व चवडे आळीपाळीनें उचलीत राहावें. पाणी यथेच्छ प्यावें. पोटरीवर दाब देणारे मोजे मिळतात. ते पायाच्या मापाचे, व शक्य तर डॉक्टरांस विचारून, घ्यावे. पूर्वीं गुठळी झालेल्यांनीं, नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनीं तर डॉक्टरांस विचारल्याशिवाय निघूंच नये. प्रवासानंतर एकच पोटरी सुजली वा दुखूं लागली, तर ती चोळूं नये, दाखवावी. छातींत दुखूं लागलें किंवा धाप लागली, तर क्षणाचाहि विलंब लावूं नये.

राहिला प्रश्न पुढें रेलणाऱ्याचा. त्यावर २००३ सालीं एका उंच अमेरिकनानें तोडगा काढला. जेवणाच्या फळीस दोन खुंट्या बसवावयाच्या कीं पुढचें आसन मागें येत नाहीं. ऑगस्ट २०१४ मध्यें ह्याच साधनावरून दोन प्रवाशांत असें भांडण जुंपलें कीं विमान मध्येंच शिकागोस उतरवावें लागलें. आमच्या मतें दोषी त्या दोघांपैकीं कोणीच नव्हते. रेलण्याची कळ एकास विकली आणि गुडघ्याची जागा दुसऱ्यास. प्रत्यक्षांत तीं एकाच वितभर पोकळीचीं दोन नांवें आहेत. आसनांचें किमान माप ठरवावें असा कायदा अमेरिकेच्या काँग्रेसनें २०१८ सालीं केला. कायदा कायद्याचें काम करील. परंतु प्रवास उद्यांचा असतां शब्दावांचून दुसरें साधन नाहीं.

परतीच्या प्रवासांत आम्हीं तेंच साधन वापरलें. डॉक्टरांची अनुज्ञा होतीच, पायांत मोजे होते, जागा वाटेजवळची होती. बसतांच पुढच्या तरुणास म्हटलें, "माझे पाय लांब आहेत आणि एकास नुकतेंच दुखणें झालें आहे. मागें रेलण्यापूर्वीं मला सांगाल कां?" तो मागें वळून आमच्या गुडघ्यांकडे पाहून हंसला, जेवणाच्या वेळीं त्यानें आपण होऊन आसन सरळ केलें, आणि रात्रीं अर्धेंच रेलला. हें वाक्य प्रवासाच्या आरंभींच बोलावें. गुडघा ठेंचल्यावर बोललें कीं त्यास तक्रारीचा सूर येतो. मग आम्ही दर दोन तासांनीं उठून विमानाच्या शेपटापर्यंत जाऊन येत होतों. पहिल्या दोन फेऱ्यांस मनाला जड गेलें. तिसऱ्या फेरीस पाहतों तों आमची सौभाग्यवतीहि उठून मागोमाग येत होती.

जातांना तिला झोपेंतून उठविण्याची आम्हांस भीड वाटली होती. ही गोष्ट आम्हीं तिला बोलून दाखविली, तेव्हां ती इतकेंच म्हणाली, "एकदां हांक मारली असतीत तर काय बिघडलें असतें?" ह्याचें उत्तर आमच्यापाशीं अद्याप नाहीं.