गप्प बसणारा लहान्या

मागच्या बैठकीच्या रात्री पाड्यावर व्हिडिओ आणला. आधी ‘आक्रोश’, मग ‘नर्मदा डायरी’.

‘आक्रोश’ खोटा नाही. लहान्या भिकूच्या बायकोवर अत्याचार करणारे मोकळे, आणि तिच्या खुनासाठी बेड्या त्यालाच. असं होतं, आपण पाहतो. पण गडी पिक्चरभर गप्प! त्याच्या बाजूनं वकीलच धडपडतो. शेवटी लहान्या ओरडतो, तेही सख्ख्या बहिणीवर कुऱ्हाड घालून. आपल्या बाया तिथंच बोलल्या, “कुऱ्हाड फोरमनवर का नाय घातली?” मला उत्तर देता आलं नाही. पण खरं सांगू? प्लॉटच्या चौकशीला साहेबापुढं आपणही असेच उभे राहतो, दंडाच्या पावत्या खिशात ठेवून.

‘नर्मदा डायरी’ मला जास्त पटला. आनंद पटवर्धन आणि सिमंतिनी धुरू यांनी 1995 साली केलेला. सरदार सरोवरात बुडणाऱ्या मणिबेलीची माणसं त्यात स्वतःच बोलतात. नट कोणी नाही. आमच्या म्हाताऱ्यांना मात्र मधे मधे थांबवून सांगावं लागलं.

कॅसेट आठवडाभर इथं आहे. ज्या पाड्याला पाहिजे त्यांनी निरोप द्यावा. जनरेटरचं डिझेल ज्याचं त्यानं.