एक टाक कमी



आमच्या गावच्या देवघरात टाकांच्या ओळीत एक जागा मोकळी असायची. आधी भवानी, मग जोतिबा, मग बोटभर मोकळी जागा आणि त्यापुढे पूर्वजांचे टाक. धनत्रयोदशीला आजी चिंच लावून सगळे टाक उजळायची आणि परत मांडताना ती जागा आठवणीनं सोडायची. विचारलं तर म्हणायची, ‘तिथं खंडोबा होता. तो नेला.’ कुणी नेला, हे मात्र तिनं कधी सांगितलं नाही. ते आम्हाला भावकीतल्या बायकांकडून कळलं. आजोबांच्या धाकट्या भावानं घर सोडताना देव चोरून नेला, असं घरात मानलं जायचं.

भांडणाची सुरुवात विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून झाली होती. ते पुढं वाटणीवर गेलं आणि १९५१ साली धाकटे आजोबा मुंबईहून मोंबासाच्या बोटीत बसले. तिथून कंपाला. एका गिरणीत कारकुनी, लग्न, मुलं. त्यांची आई गेली तेव्हा आमच्याकडून तार गेली. ‘तार करूनही आला नाही,’ असं आमच्या घरात सांगितलं गेलं. ‘तार हातात पडली तेव्हा तेरावा होऊन गेला होता,’ असं त्यांच्या घरात. या दोन वाक्यांवर दोन घरांनी सत्तर वर्षं काढली.

ऑगस्ट १९७२ मध्ये इदी अमीननं युगांडातल्या आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला लावला. सुमारे २७ हजार माणसं ब्रिटनमध्ये गेली. ‘आमच्याकडे येऊ नका,’ अशी जाहिरात लेस्टर शहराच्या नगरपालिकेनं ‘युगांडा आर्गस’ या वर्तमानपत्रात दिली होती. तरी हजारो कुटुंबं त्याच शहरात जाऊन राहिली. धाकटे आजोबाही तिथंच गेले, हे आम्हाला आत्ता कळलं. एका देशातून हाकललेला आणि दुसऱ्या देशातल्या शहरानं नको म्हटलेला तो माणूस त्या वेळी गावाला एक पत्र टाकू शकला नाही. आमच्यापैकीही कुणी त्यांची चौकशी केली नाही. नव्वद दिवसांची बातमी आमच्या घरातही वाचली गेली असणार. तरी कुणी पोस्टकार्ड लिहिलं नाही, याची मला मनापासून लाज वाटते.

शोध सुरू झाला तोही मायेपोटी नाही. रस्ता रुंद होणार होता, त्यात थोडी जमीन जाणार होती आणि सातबाऱ्यावर धाकट्या आजोबांचं नाव तसंच होतं. वारस नोंद केल्याशिवाय मोबदला मिळणार नव्हता. आमच्या कुलवृत्तांतात त्यांच्या नावापुढं ‘परदेशी गेले, अपत्यांची माहिती नाही’ एवढंच छापलेलं. एका पुतण्यानं जुन्या पाकिटावरच्या कंपालाच्या पत्त्यापासून सुरुवात केली आणि वर्षभरानं तो लेस्टरमधल्या त्यांच्या नातीपर्यंत पोचला. तिचं पहिलं उत्तर असं होतं : आम्हाला जमीन नको. सही कुठं करायची ते कळवा. फक्त माझ्या आजोबांच्या आईचं नाव काय होतं, तेवढं सांगाल का?

तलाठ्याकडे द्यायची वंशावळ आमच्यासमोर होती. पाच पिढ्यांचे पुरुष त्यात ओळीनं लिहिलेले. त्या बाईचं नाव कुठंच नव्हतं. घरात ते एकट्या आत्याला माहीत होतं. आत्या आता शहाऐंशी वर्षांची आहे.

गेल्या दिवाळीत दोघी व्हिडिओ कॉलवर बोलल्या. नात इंग्रजी बोलते, शेजारपाजारामुळे गुजराती बोलते, मराठी तिच्याकडे उरलेली नाही. तिनं हातरुमालात गुंडाळलेली चांदीची एक चपटी वस्तू कॅमेऱ्यासमोर धरली. हळदीनं पिवळी पडलेली, झिजून चेहरा पुसट झालेला. घोडा तेवढा दिसत होता आणि घोड्यावर मागं बसलेली म्हाळसा. आजोबा दर रविवारी याला हळद लावायचे, हा कोणता देव, असं ती विचारत होती. आत्यानं हात जोडले आणि म्हणाली, ‘येळकोट येळकोट.’ पलीकडून ती मुलगी अर्थ न कळता, सवयीनं म्हणाली, ‘जय मल्हार.’

कॉल संपल्यावर कुणीतरी म्हणालं, म्हणजे देव नेला हे खरंच होतं तर. आत्या म्हणाली, ‘नेला कशाला? माझ्या आजीनंच बांधून दिला असंल. धाकल्या काकावर तिचा लई जीव होता.’ पणजीनं खरंच दिला की धाकट्या आजोबांनी उचलला, हे सांगणारं आज कुणी नाही. मला ते शोधायचंही नाही.

दूर गेलेल्या माणसांचा माग काढणारे मराठी लोक आज जगभर आहेत. त्यांत मॉरिशसचं उदाहरण मला सर्वांत बोलकं वाटतं. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलस’ जहाजातून कलकत्त्याहून पहिले गिरमिटिया मजूर पोर्ट लुईला उतरले. १९१० पर्यंत साडेचार लाखांच्या आसपास माणसं उसाच्या मळ्यांसाठी तिथं नेली गेली. त्यात मुंबई बंदरातून गेलेली आपली कोकणातली माणसंही होती. हे मजूर ज्या घाटाच्या पायऱ्या चढून वर आले, तो आप्रवासी घाट २००६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. प्रत्येकाला एक क्रमांक मिळे आणि नोंदवहीत नाव, बापाचं नाव, वय, गाव, अंगावरची खूण लिहिली जाई. या वह्या मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत जपल्या आहेत. पणजोबाचं पाळण्यातलं नाव तिथं अनेक घरांचं आडनाव झालं आहे. बायकांनाही स्वतंत्र क्रमांक होता, त्यांचीही नावं लिहिली गेली. मळेवाल्यांच्या सोयीसाठी ठेवलेल्या वहीत बाईचं नाव सापडतं आणि आपण श्रद्धेनं जपलेल्या वंशावळीत सापडत नाही, हे आपण मान्य केलं पाहिजे.

त्या वहीतला उतारा घेऊन गिरमिटियांचे वंशज भारतात येतात. गावाचं नाव कारकुनानं कानाला जसं आलं तसं लिहिलेलं. त्यावरून गाव शोधायचं, मग वाडी, मग घर. आणि घर सापडल्यावर बऱ्याचदा आतून पहिला प्रश्न कानावर येतो : हे हिस्सा मागायला तर आले नाहीत ना? माणूस समुद्रापलीकडून पणजोबाच्या घराची माती कपाळाला लावायला येतो आणि आपण दाराआडून सातबारा आठवतो.

दूर न गेलेल्या घरांतही हेच चालू असतं. २००५ च्या कायद्यानं वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला. तेव्हापासून कितीतरी घरांत बहिणीपुढं ओवाळणीच्या ताटाबरोबर हक्कसोडपत्र येऊ लागलं. सही करणारी बहीण लाडकी आणि न करणारी दुसऱ्या वर्षापासून भाऊबीजेला बोलावली जात नाही. आणखी पन्नास वर्षांनी तिची नात कुठल्यातरी शहरातून विचारील, माझ्या आजीच्या आईचं नाव काय होतं? ‘भाऊबंदकी’ हा शब्द बंधूवरूनच आला आहे. त्याचा अर्थ आपण वैर असा करून ठेवला, हे दुःख लहान नाही.

म्हणून यंदाचा दिवाळी अंक आम्ही तुटलेल्या आणि पुन्हा जुळलेल्या नात्यांना वाहिला आहे. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून दिवाळीत घराघरांत अंक येतो आणि घरातले सगळे तो आळीपाळीनं वाचतात. या वर्षी अंक वाचून झाला की एक कोरी वही घ्या. घरातल्या सर्वांत थकलेल्या माणसाजवळ बसा. गाव, कुलदैवत, देवक, घराचं जुनं नाव, टोपणनावं लिहून घ्या. बायकांची माहेरची आणि सासरची, दोन्ही नावं लिहा. नाशिकला, त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आपल्या कुळाची पानं असतील, ती बघून या. आणि जिथं भांडण असेल तिथं दोन्ही घरांत काय सांगितलं जातं, ते शेजारी शेजारी लिहा. निकाल लिहू नका. निवाडा करायला बसलो की आपणही त्या भांडणातले पक्षकार होतो, आणि पुढच्या पिढीच्या वाट्याला पुन्हा अबोलाच येतो.

 

खंडोबाचा टाक परत पाठवू का, असं लेस्टरच्या नातीनं विचारलं होतं. आत्या म्हणाली, ‘राहू दे तिथंच. तिच्याबी घरात देव पाहिजे.’ या धनत्रयोदशीला टाक उजळून झाल्यावर तिनं त्या मोकळ्या जागी विड्याच्या पानावर एक सुपारी मांडली आणि तिला हळद वाहिली.

— संपादक