गंजिफा: डाव सोडा, चित्र जपा

पत्ते म्हटले की आपल्या मोहल्ल्यात पहिला शब्द निघतो, 'हराम'. जुगारापुरता तो बरोबरच आहे. कुरआनच्या सूरह माइदामध्ये दारूबरोबर जुगारालाही सैतानी काम म्हटले आहे. त्यावर वाद नाही. पण जुगाराच्या रागात आपण एक अख्खी कलाही टाकून देतो, हे मला पटत नाही.

मेक्सिकोत 'लोतेरिया' नावाचा नशिबाचा खेळ आहे. त्यात 54 चित्रे असतात. पुकारणारा एकेक पत्ता काढतो, खेळणारे आपल्या तक्त्यावरच्या त्या चित्रावर दाणा ठेवतात. कोंबडा, चंद्र, मृत्यू ही त्यातली चित्रे चित्रकारांनी पुढे आपापल्या पद्धतीने नव्याने रंगवली. डाव संपला तरी चित्र उरले.

आपल्या महाराष्ट्रात असा वारसा सावंतवाडीत आहे. गंजिफा हा शब्द फारसीतून आला. बाबरने 1527 साली सिंधच्या शाह हसनला गंजिफाचे पत्ते पाठवल्याची नोंद बाबरनाम्यात आहे. मुघल संचात ताज, शमशेर, गुलाम, चंग असे 8 रंग आणि 96 पत्ते. इथल्या मातीत हाच खेळ दशावतारी झाला: 10 अवतारांचे 10 रंग, 120 गोल पत्ते. फारसी नावाच्या खेळावर मत्स्य, कूर्म, वराह रंगवताना सावंतवाडीच्या चितारींचा हात अडखळला नाही. ही कला विझायला आली तेव्हा शिवरामराजे भोसले आणि सत्वशीलादेवी यांनी 1970 च्या दशकात राजवाड्यातच कारागिरांना काम देऊन ती जगवली.

कोणी विचारेल, अवतारांच्या चित्रांशी आपला काय संबंध? इबादत वेगळी आणि शेजाऱ्याच्या कलेची कदर वेगळी. शिवाय या कलेच्या प्रवासात आपल्याही भाषेचा, दरबारांचा वाटा आहे. तो आपणच विसरलो, तर दुसरे कशाला आठवण ठेवतील?

आणि जुगाराचीच चिंता असेल, तर तो या रंगवलेल्या पत्त्यांत शोधू नका. तो मोबाइलमध्ये आहे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर 2025 मध्ये केंद्राने कायदा करून बंदी घातली. पण कायद्याने सगळेच थांबत नाही. मेहरूणमधल्या आई-बापांनी पोराच्या हातातली स्क्रीन तपासावी. आणि सुट्टीत कोकणात गेलात, तर त्याच पोराला सावंतवाडीचा राजवाडा जरूर दाखवावा.