यंत्र आले, पण माणूस हवा

लिंबायत, उधना, पांडेसरा या भागांतील आपली पुष्कळ कुटुंबे मूळची खानदेशची. कामधंदा सुरतेत आणि म्हातारे आई-वडील धुळे, जळगाव, नंदुरबारकडे. त्यामुळे दुखणेही दोन गावांत वाटले जाते. तपासणी एकीकडे, औषध दुसरीकडे आणि जुने रिपोर्ट हरवलेले. मग त्याच तपासण्या पुन्हा कराव्या लागतात. रोजंदारीवाल्याचे पैसे जातात आणि खाडाही पडतो.

यावर आता चांगली साधने आली आहेत. सप्टेंबर 2021 मध्ये देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमधून 14 अंकी ‘आभा’ क्रमांक मोफत मिळतो. या योजनेशी जोडलेल्या दवाखान्यांतील अहवाल आपल्या संमतीने दुसऱ्या डॉक्टरांना पाहता येतात. 2019 मध्ये सुरू झालेल्या ‘ई-संजीवनी’मुळे गावच्या आरोग्य केंद्रात बसून दूरच्या डॉक्टरांचा सल्ला घेता येतो.

येथे एक गोष्ट पालकांनी ध्यानात घ्यावी. ‘आभा’ म्हणजे मोफत उपचाराचे कार्ड नव्हे. ती फक्त नोंदींची किल्ली आहे. मोफत उपचारासाठी आयुष्मान कार्ड वेगळे असते. 2018 च्या त्या योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंत रुग्णालयातील उपचार मिळतात. गुजरातने 2023 मध्ये ही मर्यादा 10 लाख केली.

परंतु साधन आले म्हणजे समानता आली, असे होत नाही. बऱ्याच घरांत मोबाईल एकच असतो आणि तो वडिलांबरोबर लूम्सच्या कारखान्यात जातो. आई मूल कडेवर घेऊन दवाखान्याच्या रांगेत उभी, आणि ओटीपी मात्र कारखान्यात! ज्याला गरज जास्त, त्याच्याच हाती साधन कमी.

1994 च्या प्लेगनंतर आपले शहर सुधारले, ते केवळ यंत्रांमुळे नव्हे. 1995 मध्ये आलेले आयुक्त एस. आर. राव यांनी अधिकाऱ्यांना कचेरीतून उठवून रोज गल्लीबोळांत पाठवले, तेव्हा सफाई वस्तीपर्यंत पोहोचली. डिजिटल आरोग्यसेवेलाही असेच पायी चालणारे माणूस लागते.

ते काम आपली शाळा करू शकते. विश्वस्त मंडळाला विनंती आहे, की महिन्यातून एका रविवारी दोन तास संगणक कक्ष पालकांसाठी उघडावा. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनी शिक्षकांच्या देखरेखीखाली मदत करावी. आपल्या मुलांना मराठी, गुजराती, हिंदी तिन्ही भाषा येतात. घरी अहिराणीही चालते. अशी मदत बाहेर विकत मिळत नाही. मात्र ओटीपी पालकांनी स्वतःच टाकावा आणि कोणाचाही क्रमांक किंवा आजार वहीत लिहून ठेवू नये. सगळे दवाखाने अजून जोडलेले नाहीत, म्हणून कागदी फाईलही जपावी.

विद्यार्थी मित्रांनो, संगणकाच्या तासाला शिकलेले आजीच्या औषधाच्या कामी आले, तर त्या शिक्षणाचे चीज झाले असे समजा.