पातळपणाचे मोल आणि ग्राहकाचा कौल

सॅन फ्रान्सिस्को येथील मॅकवर्ल्ड मेळाव्यात १५ जानेवारी २००८ रोजी ॲपल कंपनीचे प्रमुख स्टीव्ह जॉब्ज यांनी व्यासपीठावर एक साधा लिफाफा उचलला. कचेऱ्यांतून कागदपत्रे फिरवण्यासाठी वापरतात तसलाच तो होता. त्यातून त्यांनी संगणक बाहेर काढला, तेव्हा सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. ‘मॅकबुक एअर’ या नावाच्या त्या लॅपटॉपची जाडी एका कडेला १.९४ सेंटिमीटर, तर दुसऱ्या कडेला अवघी ०.४ सेंटिमीटर होती, वजन १.३६ किलो होते. जगातील सर्वांत पातळ लॅपटॉप म्हणून कंपनीने त्याची द्वाही फिरवली. किंमत होती १,७९९ डॉलर, म्हणजे त्या वेळच्या विनिमयदराने सुमारे ७० हजार रुपये. फिरत्या तबकडीऐवजी चिपांवर माहिती साठवणारा संच आणि थोडा अधिक वेगवान प्रोसेसर हवा असल्यास तीच किंमत ३,०९८ डॉलरवर जात होती.

टाळ्या ओसरल्यावर ग्राहकांमध्ये जो वाद सुरू झाला, तो आज विस्मरणात गेला आहे. तथापि त्या वादाचा निकाल काय लागला, हे पाहणे केवळ संगणकाच्या शौकिनांच्याच हिताचे आहे असे नाही. हप्त्यांवर लॅपटॉप घेऊन तो पाच-सात वर्षे पुरवू पाहणारा विद्यार्थी, शिक्षक किंवा कारकून त्या निकालाचे परिणाम आजही भोगत आहे.

आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे प्रथम पाहू. या यंत्रात सीडी वाचण्याची सोय नव्हती. ती हवी तर ९९ डॉलर देऊन वेगळा खोका घ्यावा लागे. नेटवर्कची तार जोडण्यासाठी आणखी २९ डॉलरचा जोड लागे. यूएसबीची खोबण एकच. माहिती साठवण्याची तबकडी ८० जीबीची आणि गतीने मंद. बॅटरी ग्राहकाला स्वतः काढता-घालता येत नसे. ती निकामी झाली की १२९ डॉलर देऊन कंपनीकडूनच बदलून घ्यायची. मेमरी २ जीबी, आणि तीही मुख्य पट्टीवर डाख देऊन कायमची बसवलेली. याच कंपनीचा साधा ‘मॅकबुक’ त्या वेळी १,०९९ डॉलरला मिळत होता. त्याचा प्रोसेसर अधिक वेगवान होता, सीडीची सोय होती, खोबणी जास्त होत्या आणि बॅटरी हाताने बदलता येत होती. म्हणजे सुमारे नऊशे ग्रॅम वजन कमी व्हावे म्हणून ग्राहकाने ७०० डॉलर अधिक मोजायचे आणि वर या सर्व सोयींवर पाणी सोडायचे! शिवाय तैवानच्या असूस कंपनीने २००७ च्या अखेरीस ‘ई पीसी’ नावाचा एक किलोहूनही हलका लॅपटॉप बाजारात आणला होता आणि त्याचे ४ जीबीचे रूप अमेरिकेत ३९९ डॉलरला मिळत होते. हलकेपणाच हवा असेल तर तो इतका महाग कशाला, हा प्रश्न गैरलागू नव्हता.

समर्थकांचे उत्तरही पोकळ नव्हते. ‘ई पीसी’चा पडदा सात इंचांचा आणि कळफलक बोटे अडखळावीत इतका आखूड होता. ‘एअर’मध्ये मात्र १३.३ इंचांचा पडदा आणि पूर्ण आकाराचा कळफलक होता. त्यासाठी इंटेलला आपल्या प्रोसेसरचे वेष्टन बरेच लहान करून द्यावे लागले होते. सीडीचे दिवस सरत आले आहेत, तार जाऊन बिनतारी जोडणी येत आहे, हा समर्थकांचा होरा पुढे अक्षरशः खरा ठरला. ज्याला दिवसभर यंत्र खांद्यावर वाहून न्यावे लागते, त्याला नऊशे ग्रॅमचे मोल ठाऊक असते. आणि मुख्य म्हणजे, ज्याला नको त्याने घेऊ नये. साधा ‘मॅकबुक’ शेजारच्याच फळीवर ठेवलेला आहे, असे ते म्हणत. २००८ साली हा युक्तिवाद बिनतोड होता. श्रीमंत ग्राहकाने स्वतःच्या खुशीने केलेल्या सौद्यात इतरांनी तक्रार करण्याचे कारण नव्हते.

परंतु बाजारातील एखादी चैन फार काळ चैन राहत नाही, आणि या युक्तिवादाचे मर्मस्थानही तेच होते. ऑक्टोबर २०१० मध्ये ॲपलने नवा ‘एअर’ आणला. यूएसबीच्या खोबणी दोन झाल्या, मंद तबकडी जाऊन चिपांवरील साठा आला आणि लहान पडद्याच्या नमुन्याची किंमत ९९९ डॉलरवर आली. तक्रारींचा सूर एकदम निवळला. ज्यांनी किमतीवर टीका केली होती त्यांचे समाधान झाले. ज्यांनी खोबणी मोजल्या होत्या त्यांचेही थोडेफार झाले. पण मेमरीला दिलेला डाख तसाच राहिला, आणि बॅटरीही ग्राहकाच्या हातात आली नाही. पुढे जुलै २०११ मध्ये कंपनीने तो साधा पांढरा ‘मॅकबुक’ सर्वसाधारण ग्राहकांसाठी विकणे बंद केले आणि ‘एअर’ हाच तिचा सर्वांत स्वस्त लॅपटॉप ठरला. ‘नको असेल तर दुसरा घ्या’ असे ज्या फळीकडे बोट दाखवून सांगितले जात होते, ती फळीच रिकामी झाली. त्याच वर्षी इंटेलने ‘अल्ट्राबुक’ या नावाखाली इतर कंपन्यांनाही त्याच वाटेने नेण्याची मोहीम उघडली. तीन वर्षांपूर्वी सधनांची जी आवड होती, ती हळूहळू सर्वांची सक्ती झाली.

येथे ग्राहकांच्या प्रतिक्रियेचा एक स्वभावधर्म लक्षात येतो. जे डोळ्यांना दिसते आणि पहिल्याच दिवशी बोचते, त्याविरुद्ध तो मोठ्याने बोलतो. जे तीन-चार वर्षांनी बोचणार असते, त्याविषयी तो एकदा कुरकुरतो आणि विसरतो. किंमत दिसते, खोबण दिसते, कळ दाबली तर ती बसते की नाही हे बोटाला कळते. मेमरी डाख देऊन बसवली आहे की पट्टीत खोचलेली आहे, हे झाकण उघडल्याशिवाय दिसत नाही. झाकण उघडण्याची वेळ येते तेव्हा हमीची मुदत संपलेली असते आणि पैसे देऊन कितीतरी दिवस लोटलेले असतात.

पुढील इतिहास याची साक्ष देतो. २०१५ साली याच कंपनीने आणखी पातळ ‘मॅकबुक’ काढला आणि त्यासाठी कळफलकाची रचनाच बदलली. कळा अडकू लागल्या, अक्षरे दोनदा उमटू लागली किंवा उमटेनाशी झाली. तक्रारी वाढल्या, जून २०१८ मध्ये कंपनीला मोफत दुरुस्तीची योजना जाहीर करावी लागली, २०१९ च्या नोव्हेंबरपासून जुन्या धर्तीचा कळफलक परतू लागला, आणि अमेरिकेतील सामूहिक दाव्यात २०२२ साली पाच कोटी डॉलरची तडजोड झाली. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या ‘मॅकबुक प्रो’मध्ये आधी काढून टाकलेल्या काही खोबणीही सन्मानाने परत आल्या. ग्राहक बोलला तर जगातील बलाढ्य कंपनीलाही माघार घ्यावी लागते, याचा हा पुरावा आहे. पण याच काळात मेमरी बदलण्याची सोय मात्र परत आली नाही. जे मोठ्याने मागितले ते मिळाले. जे मागायचे राहिले ते राहूनच गेले.

उत्पादकांची बाजू पूर्णपणे लटकी आहे असे मात्र म्हणता येणार नाही. मेमरी प्रोसेसरच्या निकट कायमची बसवली की जागा वाचते, वीज कमी लागते आणि वेगही साधतो. बॅटरीभोवतीचे जाड कवच काढून टाकले की त्याच पेटीत मोठी बॅटरी मावते आणि यंत्र अधिक तास चालते. हे लाभ खरे आहेत. प्रश्न असा की, ते कोणाच्या पदरात पडतात आणि त्यांची किंमत कोण मोजतो? जो दर दोन-तीन वर्षांनी नवा लॅपटॉप घेतो, त्याला लाभच लाभ आहे. जो एकच लॅपटॉप अनेक वर्षे वापरतो आणि मग धाकट्या भावंडाच्या हाती देतो, त्याला चौथ्या वर्षी कळते की मेमरी अपुरी पडते आहे. पूर्वी अशा वेळी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जाऊन मेमरीची नवी पट्टी घ्यावी, कारागिराने पाच मिनिटांत ती खोचून द्यावी आणि यंत्राला नवे आयुष्य मिळावे, असा शिरस्ता होता. आता कितीही कुशल कारागीर असला तरी अनेक लॅपटॉपांपुढे त्याचे हात बांधलेले आहेत. मुख्य पट्टीच बदला, म्हणजे जवळजवळ नवे यंत्रच घ्या, हेच उत्तर मिळते. पातळपणाचा आनंद एकाला आणि भुर्दंड दुसऱ्याला, अशी ही वाटणी आहे.

शिवाय पातळपणा आणि दुरुस्ती यांचे हाडवैर आहे, हे गृहीतकही आता टिकत नाही. २०२१ साली अमेरिकेतील फ्रेमवर्क या नव्या कंपनीने जो लॅपटॉप आणला, त्याचे वजन सुमारे १.३ किलो आणि जाडी १६ मिलिमीटरहून किंचित कमी आहे. म्हणजे तो २००८ च्या ‘एअर’पेक्षा वजनाने जड नाही आणि जाड कडेला त्याहून पातळ आहे. तरीही त्याची मेमरी, साठा, बॅटरी, इतकेच काय, बाजूच्या खोबणीही ग्राहकाला घरी बदलता येतात. काही लाभांसाठी डाख अटळ असेलही. पण निव्वळ पातळपणासाठी तो अटळ नव्हता, एवढे यावरून निश्चित होते.

मग सामान्य ग्राहकाने करावे काय? एकट्याने रुसून दुकानातून परत येण्याने फारसे काही साधत नाही. या बाबतीत २०१२ साली जे घडले ते बोधप्रद आहे. संगणक पर्यावरणदृष्ट्या कितपत योग्य आहेत, हे ठरवणारी ‘ईपीट’ नावाची नोंदणी अमेरिकेत आहे. यंत्र सहज सुटे करता येते की नाही, याचाही तिच्या निकषांत विचार होतो. बॅटरी चिकटवून टाकलेला नवा ‘मॅकबुक प्रो’ नुकताच आला होता, आणि ॲपलने आपली ३९ उत्पादने या नोंदणीतून काढून घेतली. जुलैमध्ये सॅन फ्रान्सिस्को शहराच्या प्रशासनाने जाहीर केले की, यापुढे नगर कार्यालयांसाठी ॲपलचे संगणक घेता येणार नाहीत. काही दिवसांतच, १३ जुलैला, आपली चूक झाली असे सांगून कंपनी नोंदणीत परतली. असंख्य एकट्या ग्राहकांच्या कुरकुरीने चार वर्षांत जे साधले नाही, ते एका शहराच्या खरेदीखात्याने चार दिवसांत साधले. अर्थात हा विजय अपुराच होता, कारण तो चिकटवलेल्या बॅटरीचा लॅपटॉपही पुढे त्या नोंदणीत बसला. निकष ढिले असले की संघटित ग्राहकाचे बळही वाया जाते, हा त्यातील दुसरा धडा.

महाराष्ट्राला हे तत्त्व नवे नाही. १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने घरोघरचे वाणसामान एकत्रितपणे खरेदी करून, ग्राहकांचे बळ एकजुटीत आहे, हे प्रत्यक्ष दाखवून दिले. डाळ-तांदळाच्या बाबतीत जे जमले ते लॅपटॉपच्या बाबतीत का जमू नये? शाळा, महाविद्यालये, बँका आणि सरकारी कचेऱ्या संगणक घाऊक घेतात. त्यांच्या निविदांत प्रोसेसरचा वेग, पडद्याचा आकार आणि हमीची वर्षे तपशीलवार लिहिलेली असतात. त्यांतच आणखी तीन अटी घालता येतील: बॅटरी साध्या हत्यारांनी बदलता यावी, मेमरी वाढवता यावी आणि सुटे भाग निदान सात वर्षे मिळावेत. खरेदी समित्यांवर बसणारे प्राध्यापक आणि निविदांचे मसुदे तयार करणारे कर्मचारी यांच्या लेखणीत हे सामर्थ्य आहे.

सरकारनेही पहिले पाऊल टाकले आहे. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यासाठीचे संकेतस्थळ सुरू केले. वस्तू दुरुस्तीस कितपत सुलभ आहे, हे दर्शवणाऱ्या निर्देशांकाचा विचार करण्यासाठी सप्टेंबर २०२४ मध्ये दुसरी समिती नेमण्यात आली. तिने मे २०२५ मध्ये अहवाल दिला. फ्रान्समध्ये तर असा निर्देशांक लॅपटॉपसह पाच प्रकारच्या वस्तूंवर छापणे जानेवारी २०२१ मध्येच बंधनकारक झाले. दुकानात किमतीच्या चिठ्ठीशेजारीच दहापैकी किती गुण मिळाले हे दिसले, तर झाकणाआडची गोष्ट झाकणावर येते. युरोपीय संघाच्या २०२३ च्या बॅटरीविषयक नियमात, लहान उपकरणांतील बॅटरी ग्राहकाला बदलता आली पाहिजे, अशी तरतूद आहे आणि ती लागू होण्यासाठी १८ फेब्रुवारी २०२७ ही तारीख नेमून दिली आहे. आपल्याकडील निर्देशांक उत्पादकांनी स्वतःच स्वतःला दिलेल्या गुणांवर सोडला गेला, तर ‘ईपीट’च्या ढिल्या निकषांचीच पुनरावृत्ती होईल, त्याची तपासणी तिऱ्हाइताकडून झाली पाहिजे.

लिफाफ्यात मावणारा संगणक ही अभियांत्रिकीची मोठी करामत होती, आणि तिचे कौतुक करण्यात कंजुषी करण्याचे कारण नाही. मात्र २००८ च्या ग्राहकांनी त्या यंत्राचे वजन केले, जाडी मोजली, खोबणी मोजल्या आणि किमतीवर वाद घातला. त्याचे आयुष्य कोणाच्या हाती राहणार, हा प्रश्न मात्र त्यांनी लावून धरला नाही. नव्या शैक्षणिक वर्षात मुलासाठी लॅपटॉप घ्यायला दुकानात जाणाऱ्या पालकाने विक्रेत्याला हा प्रश्न पहिल्यांदा विचारावा, आणि उत्तर समाधानकारक नसेल तर शेजारच्या फळीकडे वळावे. ती फळी पुन्हा भरायची असेल, तर तिच्याकडे वळणारे ग्राहक आधी दिसले पाहिजेत.